एका प्रथिनाचा माग काढताना

आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पटलाच्या नळ्यांच्या जाळ्यात, तयार झालेले प्रथिन गॉल्जी संकुलाच्या एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांतून जाऊन पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचते, हे विधान जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. तेच स्वतःच्या प्रयोगात मिनिटामिनिटाने दाखवायचे ठरवले, की त्या एका ओळीला किती पुरावा लागतो ते कळू लागते. संशोधनाच्या सुरुवातीला माझ्याकडे आलेले काम हेच होते. हे काम करताना माझे जे मत बनले, ते आधीच सांगते: प्रथिन कोठे दिसते आणि त्याच्यावर कोणते रासायनिक संस्कार झालेले आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची नोंद शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज पेशीतील वाहतुकीबद्दल खात्रीने काहीही म्हणता येत नाही.

पहिली अडचण वेळेची असते. जिवंत पेशीत एकच प्रथिन अखंड तयार होत राहते. त्यामुळे कोणत्याही क्षणी पाहिले तरी त्याचे काही रेणू जालिकेत, काही गॉल्जी संकुलात आणि काही पृष्ठभागावर असतात, आणि कोणता रेणू आधी कोठे होता याचा त्या चित्रावरून पत्ता लागत नाही. जॉर्ज पॅलेड आणि जेम्स जेमिसन यांनी १९६०च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांवर काम करताना ही अडचण किरणोत्सारी ल्यूसीनच्या साहाय्याने दूर केली. ते अमिनो आम्ल पेशींना जेमतेम तीन मिनिटे द्यायचे, मग साध्या ल्यूसीनचा भरपूर पुरवठा करायचा आणि ठरावीक अंतराने कापांमधील पेशी स्थिर करून किरणोत्साराच्या खुणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोठे उमटतात ते पाहायचे. खुणा आधी खडबडीत जालिकेवर, मग गॉल्जी संकुलाजवळ आणि शेवटी स्रावकणिकांवर दिसल्या, आणि वाहतुकीची दिशा प्रथमच निर्विवाद झाली. पॅलेड यांना १९७४ मध्ये अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियां द द्यूव्ह यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूंची एक तुकडी एकाच वेळी निघाली पाहिजे, ही त्यांच्या प्रयोगातील कल्पना आजही टिकून आहे. फक्त ती तुकडी रोखून धरण्याची आणि सोडण्याची साधने बदलली आहेत.

आमचे साधन होते तापमान. गुरांच्या आणि घोड्यांच्या तोंडात फोड आणणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या आवरणावर जी-प्रथिन असते. त्याचा टीएस०४५ नावाचा एक उत्परिवर्तित प्रकार ४० अंश सेल्सिअसला त्याच्या साखळीची नीट घडी पडून ठरलेला आकार येत नसल्यामुळे जालिकेतच अडकून राहतो, आणि ३२ अंशांना घडी सुधारून, तीन-तीन रेणू एकत्र येऊन, तेथून बाहेर पडतो. जी-प्रथिनाला स्वतःची वाहतूक यंत्रणा नसते. ते यजमान पेशीचीच यंत्रणा वापरते. रायबोझोमवर तयार होत असतानाच त्याच्या टोकाचा १६ अमिनो आम्लांचा संकेत त्याला जालिकेच्या पटलापाशी नेतो आणि तेथे कापला जातो. प्रथिनाच्या अंगातच त्याचा मार्ग सांगणारा संकेत असतो, हे ग्युंटर ब्लोबेल यांनी १९७०च्या दशकात मांडले आणि त्यासाठी त्यांना १९९९चे नोबेल मिळाले. या प्रथिनाचे २९ अमिनो आम्लांचे शेपूट पेशीद्रवाच्या बाजूला राहते. त्या शेपटाला हिरवे प्रतिदीप्त प्रथिन जोडलेले रूप १९९०च्या दशकाअखेरीस प्रचारात आले, आणि आम्ही वापरले तेही तेच. चमकणारा भाग शेपटाकडे असल्याने घडी पडणारा आणि साखर जोडली जाणारा मुख्य भाग मोकळा राहतो, हे या रचनेचे मला फार मोलाचे वाटते.

पेशी होत्या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या कॉस-७. त्या काचेवर पसरून चपट्या होतात, म्हणून जालिका जवळजवळ एका पातळीत पाहता येते. या जोड-प्रथिनाचा संकेत असलेले संकरित डीएनए पेशींत सोडल्यावर त्यांना रात्रभर ४० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे. येथे एक निवड करावी लागते आणि ती परिणाम बदलू शकते: सर्वांत तेजस्वी दिसणाऱ्या पेशी मोजणीला घेऊ नयेत. त्यांच्यात प्रथिन इतके साठलेले असते, की जालिकेतून बाहेर पडण्याच्या जागाच अपुऱ्या पडतात आणि जो वेग मोजला जातो तो गर्दीचा वेग असतो. मध्यम, किंबहुना किंचित फिकट दिसणाऱ्या पेशीच खरी माहिती देतात, मग छायाचित्र तितके देखणे आले नाही तरी चालेल.

सकाळी ४० अंशांवरच त्या पेशी पाहिल्या, की केंद्रकाभोवती एक बारीक तेजस्वी कड दिसते, कारण केंद्रकाचे बाह्य पटल जालिकेशी सलग असते, आणि तेथून पेशीच्या कडेपर्यंत विरत गेलेले जाळे दिसते. पेशी जेथे सर्वांत पातळ असते तेथे जाळ्याच्या नळ्या आणि त्यांचे तिहेरी सांधे सुटे सुटे ओळखू येतात. ते जाळे स्थिर नसते. एखादी नळी बाहेर सरकते, शेजारच्या नळीला टेकून चिकटते आणि तेथे नवा चौकोन तयार होतो. दुसरीकडे एक चौकोन आक्रसत जाऊन नाहीसा होतो. प्रथिन आत अडकलेले आहे याचा अर्थ ते निश्चल आहे असा मात्र होत नाही. एका लहान चौकोनातील प्रतिदीप्ती तीव्र लेसरने घालवली, तर आजूबाजूचे रेणू थोड्याच वेळात तेथे पसरून तो भाग पुन्हा भरून काढतात. म्हणजे हे रेणू जालिकेच्या पटलात मुक्तपणे हिंडत असतात. त्यांना फक्त बाहेर जाण्याची वाट नसते.

ही वाट का नसते, याचे उत्तर साखरेपाशी सुरू होते. प्रथिनाची साखळी जालिकेत शिरत असतानाच अ‍ॅस्पॅराजीन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागांवर १४ साखर-एककांचा तयार गुच्छ एकदम जोडला जातो: तीन ग्लुकोज, नऊ मॅनोज आणि दोन एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसमीन. जी-प्रथिनावर असे दोन गुच्छ असतात. त्यांतील दोन ग्लुकोज लगेच काढले जातात आणि उरलेल्या एका ग्लुकोजला कॅलनेक्झिन नावाचे मदतनीस प्रथिन धरून ठेवते. तेही ग्लुकोज निघाले, की प्रथिन सुटते. मात्र त्याची घडी अजून सैल असेल, तर एक विकर ते ओळखून पुन्हा एक ग्लुकोज जोडतो आणि प्रथिन पुन्हा कॅलनेक्झिनच्या ताब्यात जाते. बाहेर जाण्याचा परवाना देणारा कोणी एक रक्षक तेथे बसलेला नाही. घडी पुरी होईपर्यंत धरणे आणि सोडणे चालू राहते, आणि पुऱ्या घडीच्या प्रथिनाला पुन्हा धरण्याचे कारण उरत नाही. आमच्या पेशी रात्रभर ४० अंशांवर याच फेऱ्यात होत्या.

सोडण्याच्या आधी नवे प्रथिन तयार होणे थांबावे म्हणून सायक्लोहेक्झिमाइड घालायचे आणि मग पेशी ३२ अंशांवर आणायच्या. सांगायला सोपी असलेली ही पायरी प्रत्यक्षात सर्वांत नाजूक निघाली. उच्च क्षमतेचे भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब असतो, आणि धातूने मढवलेले ते भिंग खोलीच्या तापमानाला असेल, तर नेमकी आपण पाहत असलेली पेशी ते थंड करत राहते. बशीतील द्रव ३२ अंश दाखवतो आणि भिंगासमोरची पेशी मात्र त्याहून थंड असते. म्हणून भिंगालाही तापवणारी कडी लावावी लागते आणि बराच आधी ती चालू करून सगळे स्थिरावू द्यावे लागते. त्यातही तापमान बदलले की काच सूक्ष्म प्रमाणात प्रसरण किंवा आकुंचन पावते आणि पेशी दृष्टीच्या पातळीतून निसटते. पहिल्या काही मिनिटांत बोटे सतत सूक्ष्म-जुळणीच्या चाकावरच असतात, आणि हीच मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात.

पाचएक मिनिटांत जाळ्यावर ठिकठिकाणी ठळक ठिपके उमटू लागतात. त्या जालिकेतून बाहेर पडण्याच्या जागा. तेथे सार१ हे लहान प्रथिन पटलात रुतते, त्यावर सेक२३ आणि सेक२४ यांची जोडी बसते आणि तिच्यावर सेक१३ व सेक३१ यांचा बाहेरचा पिंजरा रचला जातो; या आवरणाला कॉप-२ म्हणतात. सेक२४ प्रवासी प्रथिनांची शेपटे ओळखते. जी-प्रथिनाच्या शेपटातील अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक आम्लांची जोडी बदलली, तर घडी उत्तम असूनही ते रेंगाळत बाहेर पडते. याचा अर्थ नुसती चांगली घडी पुरत नाही, आवरणाला धरता येईल असे काही तरी अंगावर असावेही लागते. या सेक नावांचा उगम यीस्टमध्ये आहे. रँडी शेकमन आणि पीटर नोव्हिक यांनी १९८० मध्ये वाहतूक अडलेल्या, तापमान-संवेदी यीस्टच्या जातींमधून २३ जनुके वेगळी केली. तापमान वाढवून अडवायचे आणि कोठे काय साठते ते पाहायचे, हा त्यांचा मार्ग आणि आमचा मार्ग तत्त्वतः एकच.

ठिपक्यांतून प्रथिन वाहून नेणाऱ्या पटलाच्या सुट्या पिशव्या, म्हणजे वाहक, निघतात आणि केंद्रकाजवळच्या एका भागाकडे जातात. ते काही सगळे गोल पुटिका नसतात. काही लांबट, वाकडेतिकडे, वाटेत ताणले जाणारेही असतात. त्यांची चाल संथ तरंगण्याची नसते. थांबतात, एका रेषेत झपाट्याने सरकतात, पुन्हा थांबतात. या रेषा म्हणजे सूक्ष्मनलिका, पेशीतील प्रथिनांचे लांब पोकळ धागे, आणि त्यांवरून ओढणारे यंत्र म्हणजे डायनीन हे प्रथिन. सूक्ष्मनलिका विरघळवणारे नोकोडॅझोल आधी घातले, तर ठिपके उमटतात, पण लांबची धाव बंद होते आणि गॉल्जी संकुलही लहान लहान तुकड्यांत विखुरते. वीस मिनिटांच्या आसपास जाळे फिके पडलेले असते आणि बहुतेक प्रकाश केंद्रकाच्या एका बाजूला, फितीसारख्या गुंतवळ्यात एकवटलेला असतो. पहिल्यांदा हे सलग पाहिले तेव्हा मी सूक्ष्मदर्शकापासून बराच वेळ उठले नव्हते. शेजाऱ्याला दाखवावे म्हणूनसुद्धा उठावेसे वाटले नाही.

छायाचित्रांची मालिका घेऊन मी आमच्या मार्गदर्शक बाईंकडे गेले आणि वीस मिनिटांत प्रथिन गॉल्जीतून जाते असे सांगू लागले. त्यांनी मालिका शांतपणे पाहिली आणि एवढेच विचारले, "गॉल्जीपाशी पोहोचलंय हे दिसतंय. पण गॉल्जीतून गेलंय का? साखर काय म्हणते?"

साखर जे म्हणते ते एंडो-एच नावाच्या विकराने वाचता येते. जालिकेतून आलेला मॅनोजबहुल गुच्छ एंडो-एच सहज कापतो. गॉल्जी संकुलाच्या मधल्या थरात मात्र त्या गुच्छाला एक एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसमीन जोडले जाते आणि पाठोपाठ दुसरा विकर त्यातील दोन मॅनोज काढून टाकतो. त्यानंतर एंडो-एचला तो गुच्छ कापता येत नाही. म्हणून ठरावीक वेळी पेशी बर्फावर घेऊन विरघळवायच्या, अर्क उकळून प्रथिनाची घडी मोडायची, निम्म्या अर्कात एंडो-एच घालायचा आणि दोन्ही भाग प्रथिनांना आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर शेजारी शेजारी चालवायचे. साखर कापली गेली असेल तर प्रथिनाचा पट्टा, म्हणजे बँड, थोडा खाली सरकतो. शिवाय पीएनजीएज-एफ या दुसऱ्या विकराची एक रांग ठेवावी लागते. तो जुना-नवा असा भेद न करता अशा सर्व गुच्छांना काढतो, आणि पूर्ण कापलेले प्रथिन कोठे उतरते हे त्यामुळे कळते. ही रांग वाचवू नये, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण तिच्याशिवाय "थोडा खाली" या शब्दांना मोजमापच उरत नाही.

आमच्या जेलवर शून्य मिनिटाच्या रांगेत अपेक्षेप्रमाणे सगळेच प्रथिन खाली उतरले. साठाव्या मिनिटाच्या रांगेत बहुतेक वरच राहिले. परंतु वीस मिनिटांच्या रांगेत, म्हणजे ज्या वेळच्या चित्रात जवळजवळ सगळा प्रकाश गॉल्जी संकुलात होता, निम्म्याहून अधिक प्रथिन अजून खालच्या बँडमध्ये होते. ते गॉल्जीपाशी आले होते, त्याच्या अलीकडच्या थरांत शिरलेही असेल, पण मधल्या थरातील विकरांची गाठ पडलेली नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली हे थर वेगळे दिसत नाहीत; एकमेकांवर रचलेल्या त्या चपट्या पिशव्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी असते. जे अंतर डोळ्याला ओळखता येत नाही ते साखरेच्या दोन-तीन एककांच्या फरकाने ओळखता येते, ही गोष्ट मला या संपूर्ण कामात सर्वांत समाधान देणारी वाटली.

यानंतर बाईंनी सुचवले, की पेशी ३२ ऐवजी २० अंशांवर सोडून पाहाव्यात. कार्ल मॅटलिन आणि काई सिमन्स यांनी १९८३ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या एका प्रथिनावर दाखवले होते, की २० अंशांना प्रथिन पृष्ठभागावर पोहोचत नाही, पण त्याच्या साखरेवरचे शेवटचे संस्कार होऊन गेलेले असतात. आम्ही दोन तासांनी चित्र घेतले: केंद्रकाच्या बाजूला तेजस्वी गुंतवळा, बाकी पेशी फिकी. हे चित्र आणि ३२ अंशांवरचे विसाव्या मिनिटाचे चित्र शेजारी ठेवले, तर कोणते कोणते हे मलाही नावे झाकल्यावर खात्रीने सांगता येत नव्हते. जेल मात्र पूर्ण वेगळे बोलले. येथे बहुतेक प्रथिन वरच्या बँडमध्ये, म्हणजे मधला थर पार करून गॉल्जी संकुलाच्याच पलीकडच्या टोकाच्या जाळ्यात येऊन थांबलेले होते. एकसारखी दोन चित्रे प्रवासाच्या दोन निरनिराळ्या टप्प्यांची होती.

मग साखरेवरच विसंबावे का? ब्रेफेल्डिन-ए ने तोही भरवसा मर्यादित केला. बुरशीपासून मिळणारे हे द्रव्य आर्फ१ या लहान प्रथिनाला कामाला लावणारे विकर अडवते. त्यामुळे परतीच्या वाहतुकीचे कॉप-१ आवरण पटलावरून गळून पडते, आणि काही मिनिटांत गॉल्जी संकुलातून लांब नळ्या फुटून त्याचा मोठा भाग आपल्या विकरांसह जालिकेत मिसळून जातो. गॉल्जीच्या एका विकराला वेगळ्या रंगाची खूण लावून हे पाहिले, तेव्हा तो गुंतवळा ताणला गेला, क्षणभर नळ्यांचे झुबके दिसले आणि मग रंग एकाएकी जाळ्यात पसरला. अशा पेशी ३२ अंशांवर ठेवल्या, तर जी-प्रथिन जालिकेतून कोठेही जात नाही. तरीही त्याचा काही भाग एंडो-एचला दाद देईनासा होतो, कारण प्रथिन विकराकडे गेले नसले तरी विकरच प्रथिनाकडे आलेले असतात. साखर फक्त भेट झाल्याची साक्ष देते. भेट कोठे झाली ते चित्रच सांगू शकते. द्रव्य धुऊन काढले की गॉल्जी संकुल पुन्हा रचले जाते. जालिकेपासून गॉल्जीकडे आणि गॉल्जीपासून जालिकेकडे अशी दुहेरी ये-जा अखंड चालू असते आणि संकुलाचे रूप त्या ये-जेवरच टिकून असते, ही गोष्ट वाचण्यापेक्षा अशी विस्कटून पाहिल्यावर अधिक पटते.

शेवटचा टप्पा पृष्ठभागाचा. तेथेही चमक फसवी ठरू शकते, कारण पेशीच्या कडेपाशी दिसणारे प्रथिन पटलाच्या आत मिसळले आहे की पटलाखाली वाहकातच आहे, हे साध्या चित्रात कळत नाही. यासाठी पेशीपटलाला छिद्रे न पाडता, बर्फावर, जी-प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला चिकटणारी प्रतिपिंडे लावायची. प्रतिपिंड आत शिरू शकत नाही, आणि बर्फावर पेशी पटल आत ओढूनही घेत नाही. त्यामुळे लाल खूण मिळते ती फक्त बाहेर उघड्या पडलेल्या रेणूंची. प्रत्येक पेशीतील लाल आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले, की एकूण प्रथिनापैकी किती पोहोचले याचा आलेख मिळतो. आमचा आलेख सुमारे अर्ध्या तासापर्यंत जमिनीला चिकटून राहिला आणि नंतर चढत गेला. एंडो-एचचा आलेख त्याच्या आधी चढत होता, आणि या दोन रेषांमधले अंतर म्हणजे मधल्या थरापासून पृष्ठभागापर्यंतचा वेळ. वाहक पटलात मिसळण्याचा क्षण काचेलगतचा अगदी पातळ थर उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने वेगळा पाहिला: ठिपका काचेजवळ येतो, थोडा थबकतो, एकदम उजळतो आणि त्याचा प्रकाश वर्तुळाकार पसरून विरतो. हे सगळे सेकंद-दोन सेकंदांत आटोपते.

ही शिस्त आता आमच्या दुसऱ्या कामात रोज लागते. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत सीएफटीआर या क्लोराइड-वाहिनीच्या १,४८० अमिनो आम्लांपैकी ५०८ वे फेनिलअ‍ॅलॅनिन गहाळ असते. ती वाहिनी काही प्रमाणात काम करण्याजोगी असूनही जालिकेतील घडीच्या तपासणीत अडकते आणि बहुतेक तेथेच मोडीत निघते. जेलवर तिचे दोन बँड ओळखतात: खालचा, एंडो-एचने कापला जाणारा, जालिकेतला, आणि वरचा, गॉल्जीतून जाऊन आलेला. १९९२ मध्ये असे दिसून आले, की पेशी कमी तापमानाला वाढवल्या तर या सदोष वाहिनीचा काही भाग पृष्ठभागावर पोहोचतो, आणि घडी सावरणारी औषधे शोधता येतील या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. आम्ही एखादे नवे रसायन तपासताना वरचा बँड आला एवढ्यावर थांबत नाही. प्रथम जालिका आणि गॉल्जी संकुल जागच्या जागी आहेत की ब्रेफेल्डिनसारखा विस्कोट झाला आहे ते चित्रात पाहतो, मग पृष्ठभागावरील प्रतिपिंडांची मोजणी करतो, आणि त्यानंतर पेशी पुन्हा ३७ अंशांवर आणून ती वाहिनी तेथे किती वेळ टिकते ते नोंदवतो. कारण सावरलेली वाहिनी पृष्ठभागावरही सैलच असते, आणि पेशी तिला निरोगी वाहिनीपेक्षा लवकर आत ओढून लयकारिकांकडे पाठवते.